खाणीकडचं वळण

मिरजोळे, रत्नागिरी
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप हरिहरकाकांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

आई म्हणते, काकांना आधी खुशाली लिही आणि मग भांडणं लिही. तर खुशाली अशी की आई बरी आहे, मुकुल बरा आहे आणि गॅरेज चालू आहे. आता भांडणं.

काल मी एका माणसाच्या अंगावर पाना फेकला. मासळीच्या कारखान्याचा माणूस होता तो. आपल्या लाल गाडीच्या बॉनेटवर गेली चार वर्षं त्यांचं नाव आहे, ते काढायला थिनरची बादली आणि खरवडायचा पत्रा घेऊन आला. अमेरिकेनं कोळंबीवर कर वाढवला, माल गोदामात पडून आहे, म्हणून साहेबांनी सांगितलंय की यंदा गाड्यांच्या शर्यतीला काही देता येणार नाही, आणि देत नाही तर नावही नको. मी त्याला सांगितलं, नाव मी खरवडेन, तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. त्यानं लावला. माझ्या हातात चौदाचा पाना होता. त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्याला भोक पडलं. बादली इथेच टाकून पळाला, त्यामुळे थिनर आता वर्षभर पुरेल.

तो एकटा नाही. मोटारींच्या शोरूमवाल्यानं गणपतीतच हात वर केले, कारण गाड्या खपत नाहीत. बिल्डरचे फ्लॅट पडून आहेत, तो फोन उचलत नाही. उरलाय फक्त टायरवाला. तो आहे तोवर शर्यत आहे, कारण खाणीकडच्या वळणावर आडोशाला रचलेले टायर त्याचे आहेत.

गेल्या वर्षी तुम्ही आला होतात ते आठवतंय ना? अनवाणी कातळावर उभे राहिलात आणि म्हणालात, कानांनी नाही तर तळव्यांनी गाड्या ऐकू येतात. मी निळ्या गाडीतल्या तन्वीरला त्या वळणावर धडक देऊन टायरांत घातलं तेव्हा तुम्ही टोपी वर उडवलीत. ती वाऱ्यानं खाणीत गेली. संध्याकाळी त्याच्याकडून नियमाप्रमाणे आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. टायरांत जाईल त्यानं सगळ्यांना भजी द्यायची, हा नियम मोडायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. माझी गाडी आजवर पाचदा टायरांत गेली, त्याची सातदा. तो हिशेब त्याला मान्य नाही.

यंदाची शर्यत ११ जानेवारीला आहे. ती झालीच पाहिजे, काका. वर्षभर लोकांच्या गाड्यांखाली ऑइल अंगावर घेत पडलेली असते मी. तो एक दिवस मला कोणी मुकुलची बहीण म्हणत नाही.

तुमचा राग माझ्यात आलाय असं आई म्हणते. तसाच लोभही थोडा येऊ द्या.
तुमची,
भार्गवी


पोफळी
२९ सप्टेंबर २०२५

चि. भार्गवीस,
हरिहरकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. पाना लागला नाही एवढंच वाईट झालं. एकदा साहेबानं माझ्या माणसाला शिवी दिली तेव्हा मी त्याची खुर्ची, तो बसलेला असतानाच, उचलून दाराबाहेर ठेवली होती. महिनाभर घरी बसवलं मला. तुझ्या बापानं तेव्हा पेढे वाटले होते.

तू पाठवलेलं कानाचं यंत्र कोनाड्यात ठेवलंय. घातलं की शिट्ट्या मारतं. भुयारातल्या वीजघरात जनित्रांजवळ जन्म काढला, ती जे खाऊन बसली ते आता परत देणार नाहीत. मोबाईलही मुकुलकडे परत पाठवतोय, त्यातली अक्षरं मुंगीएवढी आहेत. तेव्हा पत्रच लिही, आणि मोठ्या अक्षरांत लिही.

एक विचारू का? मैदानात आठ गाड्या असतात. मग टायरांत घालायला तुला दर वेळी तो तन्वीरच कसा सापडतो? तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस.

ज्यांना मंदीत पळायचंय त्यांना पळू दे. शर्यत होणार. मी येतोच आहे.

जेवण वेळेवर कर. रागावर पोट भरत नाही.
तुझा,
हरिहरकाका


मिरजोळे
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

टायरवालाही गेला. आणि नुसता गेला नाही, टायर घेऊन गेला. मंगळवारी टेम्पो आला, दोन माणसांनी वळणावरची सगळी रास उचलली आणि नेली. जुने टायरसुद्धा आता कोणीतरी विकत घेतं म्हणे, जाळून तेल काढायला.

त्या रात्री क्लबात बैठक झाली. बैठक म्हणजे मारामारीच. अध्यक्ष म्हणाले, वळणाच्या पलीकडे बंद पडलेली खाण आहे, तिथे आडोसा नसेल तर परवानगी मिळणार नाही, म्हणून यंदा शर्यत रद्द करू. तन्वीर उठला आणि त्यानं प्लास्टिकची खुर्ची भिंतीवर हाणून तिचे दोन तुकडे केले. कोणीतरी म्हणालं की मिरकरवाड्यात तुझ्या बापाच्या दोन ट्रॉलर आहेत, तूच दे ना टायर. मग त्यानं उरलेला तुकडा त्याच्या तोंडावर मारला. मी सोडवायला गेले, तर माझ्याच ओठावर कोपर बसलं. ओठ फाटला. कोपर तन्वीरचं होतं. माफी मागायच्या ऐवजी तो म्हणाला की हे पण टायरांत गेल्यात मोजायचं. मी त्याच्या पोटात लाथ घातली.

ट्रॉलरही बंदरातच आहेत, काका. मासळीला भाव नाही. त्याचाही जीव आमच्याइतकाच जळतोय, ते मला समजतं. त्याच्या निळ्या गाडीवरची नावंसुद्धा एकेक करून गेली. आता दोन्ही गाड्या नुसत्या रंगाच्या उरल्यात.

पण आडोसा आणायचा कुठून? मुकुल आणि मी वाळूच्या गोणी, गवताचे भारे, सगळं धरून बघितलं. परवानगीवाल्यांना पक्कं काहीतरी हवंय. माझी मती चालत नाही. काही सुचलं तर लगेच कळवा.

फाटलेल्या ओठानं नमस्कार.
भार्गवी


पोफळी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेड्यांनो, चिऱ्यांच्या मुलखात राहता आणि रबरासाठी रडता?

गडगा घाला, चिऱ्यावर चिरा रचलेली कोरडी भिंत. आपल्या आंब्याच्या बागेभोवतीचा गडगा तुझ्या पणज्यानं घातलाय. त्यावर रेडा धडकला, झाड पडलं, एकदा मालाचा ट्रक मागे येऊन आदळला. ट्रकची फळी मोडली, गडगा जागचा हलला नाही. तुमच्या वळणापासून खाण हाकेवर आहे. एखाद्या चिरेखाणवाल्याला पकडा, पैसे मागू नका, चिरे मागा. बांधकामं थांबलीत म्हणजे त्याचाही माल पडूनच असणार. वर त्याचं नाव रंगवा, फुगून जाईल.

घालताना मात्र नीट घाला. खालचा थर रुंद, वर निमुळता. सांध्यातून पलीकडचा उजेड दिसता कामा नये. छातीएवढा उंच घाला. आणि झाला की मला कळव, शर्यतीपेक्षा मला तोच बघायचाय.

ओठाला हळद लाव, आणि त्या पोराला माझ्याकडून आणखी एक लाथ.
तुझा,
हरिहरकाका


मिरजोळे
४ जानेवारी २०२६

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही थोर आहात! परवानगी मिळाली.

विठूशेठ चिरेखाणवाले पहिल्याच भेटीत हो म्हणाले. त्यांच्याकडे चिऱ्यांच्या थप्प्या पावसाळ्यापासून पडून होत्या. सगळ्या आठही ड्रायव्हरांनी मिळून गडगा घातला, गेले दोन आठवडे तेच चाललंय. हातांना घट्टे पडले. तुम्ही सांगितलंत तसा खालचा थर रुंद केला, आणि सांध्यांवर मी बॅटरी मारून बघितली, पलीकडे उजेड गेला नाही. बघायला येणारी माणसं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. परवानगीवाल्यांनीही त्यावर थाप मारून शाबासकी दिली. वर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरांत विठूशेठ यांच्या सौजन्याने असं लिहिलंय.

सगळ्यात वरचा थर तन्वीरनं आणि मी लावला. लावून झाल्यावर किती पक्का आहे बघतो म्हणून त्यानं चप्पल घातलेल्या पायानंच गडग्याला लाथ मारली आणि अंगठा चेचून घेतला. एका पायावर नाचत होता. आम्ही हसून हसून खाली बसलो. मी म्हटलं, अकरा तारखेला तुला इथेच घालणार आहे, भज्यांची ऑर्डर आधीच देऊन ठेव. तो म्हणाला, तू दे, मला कांद्याची आवडतात.

दर थंडीत तुमचा खोकला उसळतो, तसा असेल तर येऊ नका. मुकुल सगळं लिहून कळवेल. गडगा कुठे पळून जात नाही.

या वेळी पाठीवर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद द्या.
तुमची,
भार्गवी


मिरजोळे
१३ जानेवारी २०२६

तीर्थरूप काकांस,
मुकुलचा सा. न.

पत्र ताईचं नाही, माझं आहे. अक्षर वाईट आहे, चालवून घ्या.

शर्यत झाली. माणसं कधी नव्हती एवढी आली. पहिल्या फेरीपासून सगळे एकमेकांना धडका देत होते. कुणाचा बंपर गेला, कुणाचं चाक निखळलं. यंदा सगळ्यांच्याच डोक्यात राग होता. लोक उभे राहून ठोक, ठोक असं ओरडत होते. मीही ओरडत होतो.

शेवटून दुसऱ्या फेरीला खाणीकडच्या वळणावर तन्वीर पुढे होता. ताई आतल्या बाजूनं गेली. दरवर्षी लावते तसा पुढचा कोपरा त्याच्या मागच्या दाराला लावला आणि दाबलं. टायर असते तर त्याची गाडी अर्धी आत रुतली असती, तो शिव्या देत बाहेर आला असता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

तुम्हाला आवाज सांगून उपयोग नाही, म्हणून असं सांगतो की मी बराच लांब उभा होतो आणि माझ्या तळव्यांना कळलं. गडगा हलला नाही. निळ्या गाडीचं इंजिन आत आलं. आम्ही काचा काढून टाकलेल्या असतात, त्या मोकळ्या जागेतून वरच्या थराचे दोन चिरे त्याच्या मांडीवर पडले.

ताई उडी मारून उतरली आणि हातांनी चिरे उपसायला लागली. तिची नखं उलटली. एक जण जवळ येऊन मोबाईलवर तन्वीरच्या तोंडाचा फोटो काढत होता. ताईनं हातातला चिरा त्याच्या हातावर मारला. त्याचं मनगट मोडलं. मी तिला मागून धरलं तर मलाही चावली. तन्वीर पूर्ण शुद्धीवर होता. पत्रा कापून त्याला काढेपर्यंत तो शिव्या देत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काका, रागावू नका, पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. गडगा तुम्ही सुचवलात, चिरे विठूशेठनी दिले, बांधला आम्ही सगळ्यांनी. आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. गडगा कोणी खाणीत पडू नये म्हणून होता, आणि आम्ही मात्र दरवर्षीसारखे एकमेकांना त्यावर ढकलायला निघालो. पोलिसांनी फक्त ताईचा धक्का लिहून घेतला.

हात आपोआप वळले, एवढंच ताई एकदा म्हणाली. जेवत नाही. पोलिसांना सांगून आईनं तिला आंजर्ल्याला विमलामावशीकडे नेऊन ठेवलंय.

तुम्ही या. आशीर्वाद नंतर द्या.
मुकुल


मिरजोळे
२२ जानेवारी २०२६

चि. भार्गवीस, आंजर्ले,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी तुझ्या गॅरेजात तुझ्याच स्टुलावर बसून हे लिहितोय. अक्षर हलतंय ते दोन दिवस पहार चालवल्यामुळे.

इथे आलो तो तसाच सड्यावर, शर्यतीच्या जागी, गेलो. मुकुलकडे पहार मागितली आणि एकटाच गडगा फोडायला लागलो. अगो, किती चांगला घातला होतात तुम्ही! एक चिरा निघता निघेना. असा गडगा मी जन्मात पाहिला नाही, आणि मला त्याच्यावर थुंकावंसं वाटलं. थुंकलोही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विठूशेठचा ट्रक आला. त्यानं अपघाताच्या रात्रीच माणूस पाठवून आपलं नाव चुन्यानं पुसून घेतलं होतं आणि आता चिरे परत हवे होते, कुठेतरी गिऱ्हाईक लागलंय. अपघातात आपलं नाव नको, पण माल हवा. त्याची माणसं काहीतरी बोलली, मला काय कळणार. एकानं माझी पहार धरली. मी तिच्या दांड्यानं त्याला ढकललं, त्यानं मला तोंडावर मारलं. माझे पुढचे दोन दात गेले. मी रक्तानं भरलेलं तोंड घेऊन परत उठलो. मग मुकुल घण घेऊन धावत आला, त्याच्या मागून तुमचे बाकीचे ड्रायव्हर आले. ट्रक रिकामा गेला. आम्ही अंधार पडेपर्यंत एकेक चिरा फोडला, मुठीएवढे तुकडे होईपर्यंत. त्यातला एकही आता कुठल्या भिंतीला लागणार नाही.

काल इस्पितळात गेलो. दारात तन्वीरची आई झरीन उभी होती. बराच वेळ माझ्या तोंडावर ओरडत होती. ऐकू येत नाही म्हणून सुटलो असं लोकांना वाटलं असेल. चेहरा ऐकू येतो गो. मी पदर पसरावा तसं उपरणं पसरलं, खोलीकडे बोट दाखवलं, मग तिनं वाट दिली.

तो पोरगा उशीला टेकून बसला होता. मी बहिरा आहे हे त्याला ठाऊक आहे. मी खिशातून कागद काढला, तर त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं. औषधाची दोन खोकी घेतली, एक लाल, एक निळं. जेवणाचा डबा चादरीवर उभा केला. लाल खोक्यानं निळं ढकलत नेऊन डब्यावर आपटलं. हे झालं ते. मी मान खाली घातली. त्यानं माझी हनुवटी धरून वर केली. मग दोन्ही खोकी मागे घेतली, बोटानं आणखी एक फेरी दाखवली, आणि या वेळी निळ्यानं लाल खोकं ढकललं. तितक्याच जोरानं, त्याच डब्यावर. स्वतःच्या छातीवर थाप मारली. मला कळलं नाही असं वाटून त्यानं ते पुन्हा केलं. मग लाल खोकं हातात चुरगाळलं आणि रडायला लागला.

म्हणजे पुढच्या फेरीला तो तुला घालणार होता. तू फक्त आधी पोचलीस. गाडीत तू असतीस, आणि गडगा तोच असता, माझा. मग मी पत्रं कोणाला लिहिली असती?

मला अजून काही सुचत नाही. आंजर्ल्याला लपून राहू नकोस. परत ये आणि त्याला भेट. त्याची आई मारेल. मार खा.

दात नसलेला,
हरिहरकाका


मिरजोळे
१ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप हरिहरकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

मी काल गेले.

खोलीच्या बाहेरच झरीनचाची होती. तिनं मला ओळखलं आणि दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली. गालांवर, डोक्यावर, खांद्यांवर. नर्स धावत आली, मी तिला, चाचीला थांबवू नका म्हणून सांगितलं. चाची दमली तेव्हा स्वतःचं मनगट धरून बाकावर बसली. मी पाणी दिलं, तिनं ग्लास भिंतीवर फेकला.

तन्वीरनं आतून हाक मारली. पाय नसलेल्या जागी पांघरूण सपाट होतं, तिकडे मी बघणार नाही असं ठरवलं होतं, पण पहिलं तेच दिसलं. तो म्हणाला की पोलिसांना त्यानं जबाब दिलाय, मी पण तेच करणार होतो म्हणून. चाचीला तो जबाब मंजूर नाही. ती आत येऊन म्हणाली, करणार होता आणि केलं यात माझ्या पोराचा पाय आहे. ती म्हणते ते खरं आहे, काका. खोक्यांचा खेळ तुम्हाला पटला, मला रात्री पटत नाही.

मग त्यानं चाचीला सांगितलं की खाली गाडीवर जाऊन कांदाभजी आण. ती म्हणाली, या मुलीसाठी मी विषसुद्धा आणणार नाही. तो म्हणाला, मी आत गेलो, भजी मी द्यायची, इतक्या वर्षांत कोणी चुकवली नाहीत. ती नाही म्हणाली. तो चिडला, स्वतःच जातो म्हणून पांघरूण फेकलं आणि उतरायला गेला. विसरला होता. सरळ जमिनीवर कोसळला. पट्टीतून रक्त आलं, आणि असा ओरडला की मला वाटलं माझेही कान आता तुमच्यासारखे व्हावेत. चाचीनं त्याला खांद्याशी धरलं, मी कमरेशी. दोघींनी मिळून त्याला वर ठेवलं. त्या एवढ्या वेळात तिचा हात माझ्या हातावर होता, तिनं तो काढला नाही.

डॉक्टर येऊन गेल्यावर ती खाली गेली आणि कागदात बांधलेली भजी घेऊन आली. माझ्या मांडीवर टाकली. गरम होती.

नियम आहे, म्हणून मी खाल्ली. गालाच्या आतून रक्त येत होतं आणि प्रत्येक घास तिथे झोंबत होता. तन्वीर डोळे मिटून पडला होता. चाची माझ्यासमोर उभी राहून बघत होती. मध्येच मी कागद बाजूला ठेवायला गेले तर तिनं तो उचलून परत माझ्या हातात दिला. शेवटचं भजं संपेपर्यंत ती समोरून हलली नाही.

लोभ मागायचा धीर होत नाही. पत्र मात्र पाठवा.
तुमची,
भार्गवी